सॉफ्टवेअर भाड्याचं, सेशन आपलं : सोलापुरातल्या छोट्या स्टुडिओसाठी प्रो टूल्स की रीपर?

प्रो टूल्स आणि रीपर ही संगणकावर गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायची सॉफ्टवेअर, म्हणजे डीएडब्ल्यू. आधी निकाल. भजनं, भीमगीतं, हलगी-लेझीमचे ट्रॅक, निवडणुकीची प्रचारगीतं अशी कामं करणारा एका खोलीचा स्टुडिओ असेल, तर रीपर विकत घ्या. प्रो टूल्स लागेल तेव्हा, लागतील तेवढेच महिने भाड्यानं घ्या. प्लग-इन (आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअर) मात्र शक्यतो कायमच्या परवान्याचीच ठेवा. यात पैसे वाचतात, पण तो मुद्दा दुसरा. पहिला मुद्दा जुन्या सेशनचा, म्हणजे एका गाण्याच्या जपून ठेवलेल्या सगळ्या कामाचा.

सोलापुरात हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोचतो. इथं एकच चाल आधी मराठीत होते, मग अक्कलकोटच्या बाजूचं मंडळ तीच कन्नडमध्ये मागतं आणि पूर्वभागातून कुणीतरी तेलुगू शब्द घेऊन येतं. मागणी ठरलेली : "ट्रॅक तोच ठेवा, फक्त गळा बदला." म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीचं सेशन जसंच्या तसं उघडलं पाहिजे. तबल्याचा ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल), कोरसचे फेड (आवाज हळूहळू चढणं-उतरणं), पखवाजाचा कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), सगळं जागेवर. वर्गणी थांबली की डिस्कवरच्या वेव्ह फाइल कुठं जात नाहीत, त्या तुमच्याच. पण त्या फाइल कुठं कापल्या, कुठं जोडल्या, आवाज कुठं चढवला-उतरवला ही सगळी अक्कल सेशन फाइलमध्ये असते, आणि ती वाचायला तेच सॉफ्टवेअर लागतं. कापड आपलं, माग दुसऱ्याचा.

प्रो टूल्स

ॲव्हिड कंपनीनं २०१५ मध्ये प्रो टूल्स १२ पासून सबस्क्रिप्शन आणलं. तेव्हा कायमचा परवानाही मिळत होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये आर्टिस्ट, स्टुडिओ आणि फ्लेक्स अशा तीन पायऱ्या केल्या आणि नव्या गिऱ्हाइकासाठी कायमच्या परवान्याची विक्री बंद केली. वादक, मिक्सिंग करणारे, शिकवणारे सगळेच तापले. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीनं स्टुडिओ आणि अल्टिमेट (सगळ्यात वरची पायरी) यांसाठी कायमचा परवाना परत आणण्याचं जाहीर केलं. सोबत इंट्रो नावाची फुकट आवृत्ती आली : ८ ऑडिओ, ८ इन्स्ट्रुमेंट आणि ८ मिडी ट्रॅक (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठला सूर कधी वाजवायचा याची नोंद). हार्मोनियम, तबला, तानपुरा आणि एक गळा इतकंच काम असेल तर इंट्रोत भागतं. कोरस आला की संपलं.

तीन पायऱ्या आल्या तेव्हाचे वार्षिक दर आर्टिस्टला ९९ डॉलर आणि स्टुडिओला २९९ डॉलर होते. हिशेबापुरता डॉलर ९० रुपयांचा धरा. आर्टिस्ट वर्षाला ८,९१० रुपये, स्टुडिओ २६,९१०. स्टुडिओ पाच वर्षं चालवलं तर १,३४,५५० रुपये, आणि सहाव्या वर्षी हातात शून्य. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. नंतर दरही सरकले आहेत, त्यामुळे घेताना चालू भाव बघूनच आकडा मांडा.

आर्टिस्टचे ३२ ऑडिओ ट्रॅक कमी नाहीत. अभंगाचा साधा हिशेब करा : तबला २, पखवाज २, हार्मोनियम २, टाळ-झांज १, चिपळी १, तानपुरा १, मुख्य गळा आणि त्याची डबिंग ४, कोरस ८. एकवीस झाले. हलगीच्या गाण्यात मात्र एकेक वादक चार-चार थर मागतो, तिथं ३२ ची भिंत लागते.

काम करायला प्रो टूल्स अजूनही सुरेख आहे. ऑडिओ कापाकापी, प्लेलिस्टवरून (एकाच ट्रॅकवर रचून ठेवलेल्या टेकवरून) चांगले टेक निवडणं, क्लिप गेन (एकेका तुकड्याचा आवाज कमी-जास्त करणं) ही तिन्ही कामं हाताला बसली की दुसरीकडं जीव रमत नाही, हे कबूल केलं पाहिजे. आणि मुंबईच्या पोस्ट स्टुडिओला सेशन पाठवायचं असेल, किंवा तिकडून आलेलं उघडायचं असेल, तर पर्याय नाही. एका सॉफ्टवेअरचं सेशन दुसऱ्यात न्यायच्या एएएफ किंवा ओएमएफ फाइल रीपर स्वतःहून उघडत नाही, मध्ये दुसरं सॉफ्टवेअर घालावं लागतं. असं काम आलं की एका महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या आणि ते कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून गिऱ्हाइकाला लावा. स्टुडिओच्या खर्चात गिळू नका.

प्रो टूल्सचा परवाना आयलॉक नावाच्या परवाना-व्यवस्थेवर चालतो, इथं एक चूक हमखास होते. आयलॉक क्लाउड निवडला तर सत्र चालू असेपर्यंत सतत इंटरनेट लागतं. मंगळवेढ्याच्या पलीकडं एखाद्या देवळात भजनी मंडळ रेकॉर्ड करायला लॅपटॉप घेऊन गेलात आणि रेंज गेली की सॉफ्टवेअर हातावर हात ठेवून बसतं. निघण्याआधी स्टुडिओतच परवाना क्लाउडवरून काढून लॅपटॉपवर किंवा आयलॉकच्या यूएसबी चावीवर टाका, वायफाय बंद करा आणि सेशन उघडून बघा. बाहेर पडायचं ते त्यानंतरच.

पैसे कापले जाण्याची कटकट

हे परदेशी परीक्षणांत कुणी लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. कार्डातून आपोआप पैसे कापायचे तर बँकेनं २४ तास आधी कळवायचं, आणि ठरावीक रकमेच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी. ती मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २०२२ मध्ये १५,००० झाली. म्हणजे स्टुडिओची वार्षिक वर्गणी आपोआप कापली जाणार या भरवशावर बसू नका, रक्कम मर्यादेच्या वर आहे. ज्या परदेशी दुकानानं ही व्यवस्था बसवलेली नाही, तिथं छोटी रक्कमही नाकारली जाते. व्यवहार फसल्याचा मेल येतो, तो कुणी वाचत नाही, आणि १४ एप्रिलच्या तोंडावर, तीन गाणी अर्धवट असताना, सॉफ्टवेअर परवाना मागतं. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर आठ दिवस आधी लिहा आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का ते तेव्हाच तपासा. बहुतेक कार्डांवर तो मुळात बंदच असतो.

प्लग-इनचं भाडं

प्लग-इन बनवणाऱ्या वेव्हज कंपनीनं २०२३ च्या मार्चअखेर जाहीर केलं की आता कायमचे परवाने मिळणार नाहीत, फक्त क्रिएटिव्ह ॲक्सेस नावाचं सबस्क्रिप्शन. महिना १४.९९ आणि २४.९९ डॉलर असे दोन प्रकार. जगभरचे वादक आणि इंजिनिअर इतके भडकले की चारेक दिवसांत कंपनीनं माघार घेतली आणि कायमचे परवाने परत आणले. सबस्क्रिप्शनही चालू राहिलं. ओरड केली तर ऐकलं जातं हे यातून दिसलं, पण दुसरंही दिसलं : हा विचार एका रात्रीत होऊ शकतो.

डीएडब्ल्यूच्या भाड्यापेक्षा प्लग-इनचं भाडं जास्त धोक्याचं, असं आमचं मत. डीएडब्ल्यू एक असतं, प्लग-इन प्रत्येक ट्रॅकवर चार-चार. वर्गणी थांबली की सेशन उघडतं, पण गळ्यावरचा कॉम्प्रेसर गायब, रिव्हर्ब (घुमारा) गायब, आणि ती सेटिंग त्या प्लग-इनशिवाय वाचता येत नाहीत. नेमका तोच आवाज पुन्हा बसवायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाइकाला तरीही "आधीचंच बरं होतं" वाटतं. भाडं भरता भरता मालकी मिळणारी योजना असेल, तर ती त्यातल्या त्यात बरी.

रीपर

कॉकोस कंपनीचं रीपर. सवलतीचा परवाना ६० डॉलर, व्यावसायिक २२५ डॉलर. सॉफ्टवेअर दोन्हींत तेच, फरक फक्त उत्पन्नाचा. व्यवसायाची वार्षिक उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल तर ६० वालाच लागू होतो. ९० च्या भावानं ती मर्यादा १८ लाख रुपये झाली, म्हणजे एका खोलीचे बहुतेक स्टुडिओ सवलतीतच बसतात. सगळं धरून साधारण साडेपाच-सात हजारांत विषय संपतो, तोही एकदाच. आवृत्ती ७ ला घेतलेला परवाना ८.९९ पर्यंत चालतो. त्यानंतर नवी घेतली नाही तरी जुनी बंद पडत नाही. डाँगल (परवान्याची यूएसबी चावी) नाही, वापरताना इंटरनेट लागत नाही. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, आणि नंतरही ते अडवत नाही, उघडताना काही सेकंद आठवण करून देतं. याचा गैरफायदा घेणारे गावोगाव आहेत. साठ डॉलर द्या राव.

पेन ड्राइव्हवर पोर्टेबल इन्स्टॉल होतं, हा फायदा लोक विसरतात. सेशनच्या शेजारी त्या काळचं अख्खं रीपर ठेवता येतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिल्यांदा उघडलं की करड्या रंगाचं कोडं वाटतं, आणि पर्याय इतके की माणूस गांगरतो. सोबत वाद्यं जवळपास नाहीतच. तबला, ढोलकी, तानपुरा काही नाही, एक साधा सिंथ (आवाज तयार करणारा) आणि सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा) मिळतो. बाकी सगळं वेगळं विकत आणायचं. सोबत येणारे ईक्यू आणि कॉम्प्रेसर, म्हणजे रियाईक्यू आणि रियाकॉम्प, कामाला पक्के आहेत, दिसायला गबाळे. सूर सुधारणारं रियाट्यून मात्र निराशा करतं. आपोआप सूर लावायला सांगितलं की अभंगातली मींड सरळ करून टाकतं आणि गायक नाराज होतो. गळ्याच्या कामासाठी मेलोडाइनसारखं वेगळं प्लग-इन हवंच, तो खर्च आधीच धरा.

बसवल्यावर या गोष्टी लगेच लावून घ्या. सेशन सेव्ह केल्याशिवाय रेकॉर्ड दाबू नका, नाहीतर फाइल डॉक्युमेंट्समधल्या एका सामाईक फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि चार गाण्यांची खिचडी होते. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८,००० वर टिक करून बांधून टाका. रेकॉर्डिंग २४ बिट वेव्ह. नव्या आयटमचं (रेकॉर्डिंगच्या तुकड्याचं) लूप सोर्स बंद करा, नाहीतर क्लिपची कड ओढली की गळ्याचा तोच शब्द पुन्हा वाजतो आणि नवखा माणूस मशीनला शिव्या देतो. इंटरफेसचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचं) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे गळा थेट हेडफोनला देणं, चालू असेल तर रीपरच्या ट्रॅकवरचं मॉनिटरिंग बंद ठेवा. दोन्ही चालू राहिलं की हेडफोनमध्ये आवाज पाइपातून आल्यासारखा येतो. बफर (संगणक एका वेळी किती सॅम्पल हाताळतो ते; जास्त ठेवला की आवाज उशिरा येतो) रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १,०२४. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे एका बाजूला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत, कुठल्याही गायकाला अडत नाही.

हलगीसाठी लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास शिखर धरून लावा. साउंड चेकला वादक हळू वाजवतो आणि टेकला अंगात येतं. २४ बिटमध्ये आवाज कमी आला तर नंतर चढवता येतो, फाटला तर काही उपाय नाही. आवृत्ती ७ मध्ये एका ट्रॅकवर लेन पाडून चार टेकमधले चांगले तुकडे उचलता येतात. प्रो टूल्सच्या प्लेलिस्टची सवय असलेल्याला हे दोन दिवसांत जमतं.

बाकीचे

क्यूबेस हा तिसरा चांगला मार्ग. कायमचा परवाना, आणि २०२२ ला क्यूबेस १२ पासून डाँगलही गेला. ज्यांचा हात त्याच कंपनीच्या जुन्या न्यूएंडोवर बसलाय त्यांना तेच सोपं जाईल. क्रॅक केलेलं न्यूएंडो चालवणाऱ्यांना एवढंच : त्या मशीनवर गिऱ्हाइकाचा माल ठेवताय आणि बँकेचा पासवर्डही. एफएल स्टुडिओला पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट मिळतात. बीट बनवणाऱ्यांनी तेच घ्यावं, दहा जणांचा कोरस रेकॉर्ड करायला नको. मॅक असेल तर ॲपलचं लॉजिक एकदाच पैसे देऊन मिळतं, आयपॅडवर मात्र २०२३ पासून त्याचंही सबस्क्रिप्शन आहे.

कायमचा परवाना म्हणजे कायमची सोय, असंही धरू नका. केकवॉक कंपनीनं २०१६ मध्ये आपल्या सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला आजीवन अपडेट देऊ केले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात मालक गिब्सननं कामच थांबवलं. पुढं बँडलॅब या दुसऱ्या कंपनीनं ते घेऊन फुकट दिलं म्हणून लोक तरले.

म्हणून, सॉफ्टवेअर कुठलंही असो

गाणं डिलिव्हर झालं त्याच दिवशी स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल, काढा. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी शून्यापासून शेवटपर्यंत एकाच लांबीचा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. मुख्य गळा दोनदा काढा : एकदा सगळ्या प्लग-इनसकट, एकदा कोरा. रीपरमध्ये ट्रॅक निवडून रेंडर उघडा आणि सोर्सला निवडलेल्या ट्रॅकचे स्टेम असा पर्याय घ्या. मास्टरवरचा (सगळ्या ट्रॅकच्या बेरजेवरचा) लिमिटर, म्हणजे आवाज एका पातळीच्या वर जाऊ न देणारं प्लग-इन, त्या वेळी बंद ठेवा, म्हणजे मास्टर मिक्स काढला तरी तो कोराच निघेल. फाइलची नावं रोमन लिपीत द्या. देवनागरी नावं रीपरच्या आत नीट दिसतात, पण झिप करून दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की कधी कधी चौकोन होतात.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल : पट्टी (काळी १, पांढरी ४ जे असेल ते), बीपीएम (मिनिटाला ठोके), ताल, आणि क्लिकवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) वाजवलंय की मोकळं. भजनी ठेका बहुतेक वेळा मोकळाच असतो, आणि दोन वर्षांनी तेलुगू गायक आला की पहिला अर्धा तास टेम्पो शोधण्यात जातो.

जागेची भीती नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी. पाच मिनिटांचं, २४ ट्रॅकचं गाणं साधारण १ जीबी. वर्षाला शंभर गाणी केलीत तरी १ टीबीची डिस्क नऊ-दहा वर्षं पुरते. मूळ सेशन हलवण्याआधी स्टेम दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून एकदा शेवटपर्यंत ऐका. एखादा ट्रॅक म्यूट राहून कोरा निघालेला असतो, तो तिथंच सापडतो. प्रती दोन, एक स्टुडिओत आणि एक घरी. गाडीच्या डिकीत ठेवू नका, सोलापूरचा मे महिना डिस्कलाही सोसत नाही.