ठाण्यातल्या गच्चीसाठी कोबी-काकडीचं बियाणं: कोणतं पाकीट घ्यावं, कोणतं दुकानातच राहू द्यावं

गणपती गेले की ठाण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये कोबीची पाकिटं पुढच्या रांगेत येतात. सगळ्यांवर चित्र जवळपास एकच असतं: दव पडलेला, घट्ट, हिरवागार गड्डा. आतलं वाण मात्र वेगवेगळं असतं, आणि घोडबंदर रोडच्या गच्चीवर किंवा नेरूळच्या गॅलरीत त्या वाणावरच सगळं ठरतं. चित्र बाजूला ठेवा. कोबी घेताना दिवस मोजा, काकडी घेताना तिचं फूल कसं फळतं ते विचारा.

आधी कोबी. गड्डा नीट बांधला जायला साधारण १५ ते २० अंश तापमान लागतं. २५ च्या वर वाढ मंदावते, ३० च्या पुढे पानं सैल राहतात. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीतही दुपारी ३० च्या आसपास पारा जातो, थंडी मिळते ती रात्रीची आणि पहाटेची. ती जेमतेम दोन महिने टिकते. वाशीच्या घाऊक बाजारात येणारा दोन-दोन किलोचा कोबी नाशिक-पुण्याकडचा असतो, तिथल्या रात्री आपल्यापेक्षा थंड. तो गड्डा डोळ्यासमोर ठेवून बियाणं घेतलं तर पदरी निराशाच येते. आपल्याकडे हळवं वाणच घ्यायचं, म्हणजे लवकर तयार होणारं. गरवं वाण गड्डा धरायच्या बेताला येतं तेव्हा फेब्रुवारीचं ऊन तापायला लागलेलं असतं.

या कसोटीवर गोल्डन एकर पहिल्या नंबरवर. लागवडीनंतर ६० ते ६५ दिवसांत तयार होतो. जमिनीत गड्डा एक ते दीड किलोपर्यंत भरतो, बॅगेत त्याहून लहान राहतो, पण घट्ट आणि गोल असतो. बाहेरची पानं कमी, पसारा आटोपशीर, त्यामुळे १२ बाय १२ इंचाच्या, म्हणजे सुमारे २० लिटरच्या ग्रो बॅगेत एक रोप आरामात बसतं. वाफ्यात लावायचा तर दोन रोपांत ४५ सेंटिमीटर ठेवा. हे सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे पाकीट स्वस्त पडतं. उणीव एकच: तयार झाल्यावर फार दिवस थांबत नाही. गड्डा दाबून कडक लागला की दोन-चार दिवसांत काढा. बॅग कोरडी पडू देऊन मग एकदम बादलीभर पाणी ओतलं की तो टचकन फुटतो, आणि फुटलेल्या भेगेत पाणी साचून कुजतो.

प्राईड ऑफ इंडियाही हळव्यातलाच, चव चांगली. गोल्डन एकर मिळाला नाही तर बिनदिक्कत घ्यावा. पुसा मुक्ताची शिफारस एका खास कारणासाठी: घाण्या रोगाला तो बऱ्यापैकी दाद देत नाही. पानाच्या कडेपासून आत शिरत जाणारा पिवळा त्रिकोण आणि त्यातल्या काळ्या पडलेल्या शिरा ही घाण्याची खूण. गेल्या हंगामात ज्या वाफ्यात हे दिसलं असेल तिथे कोबी लावूच नये, आणि लावायचाच असेल तर पुसा मुक्ता लावावा. पुसा ड्रम हेडचं पाकीट मात्र ठाण्यात घेऊ नका. वाण वाईट नाही. चपट्या, तीन किलोच्या वर जाणाऱ्या गड्ड्यांसाठी त्याचं नाव आहे, पण त्याला लांबलचक थंडी हवी, ती आपल्याकडे नाही. जांभळ्या कोबीलाही गोल्डन एकरपेक्षा बरेच दिवस लागतात, म्हणून तो इथे हौसेचाच मामला.

पाकिटावर लिहिलेले दिवस बहुतेक वेळा पुनर्लागवडीपासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नव्हेत. इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस वेगळे धरायचे. सप्टेंबरच्या शेवटी आडोशाला ट्रेमध्ये बी टाकलं तर ऑक्टोबरअखेर रोपं बॅगेत जातात आणि गोल्डन एकर जानेवारीच्या सुरुवातीला हाती येतो. दुसरी खेप घ्यायची तर १५ नोव्हेंबर ही बी टाकायची शेवटची तारीख समजा. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. पाणी फवाऱ्यानेच घाला, कारण ओल जास्त झाली की जमिनीलगत देठ बारीक होऊन रोपं कोलमडतात.

तयार रोपं घेणार असाल तर चार-पाच पानांची, १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची घ्या. रोप हातात धरून मधला कोंब बघा. तो नसला किंवा खाल्लेला असला तर ते रोप कितीही टवटवीत दिसो, गड्डा धरणार नाही. मग पान उलटून बघा. तिथे बारीक हिरवी अळी असेल आणि बोट लावताच वळवळून धाग्यावर लोंबकळली, तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. असा ट्रे घरी आणूच नका. रोपं लावल्यावर लगेच जुनी मच्छरदाणी कमानीवर ताणून, कडा दगडांनी दाबून ठेवल्या की पतंग अंडी घालायला पोचत नाही. अळी आधीच शिरली असेल तर बीटी पावडर, म्हणजे अळीला मारणाऱ्या जिवाणूची भुकटी, लिटरला एक ते दोन ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. भर दुपारी फवारलं तर उन्हाने ती निकामी होते.

नर्सरीतून मिळणारी लाल माती आम्लधर्मी असते. कोबीच्या मुळांवर गाठी येण्याचा रोग अशाच मातीत जोर धरतो: रोप दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि उपटून पाहिलं तर मुळं आल्याच्या कुड्यासारखी फुगलेली. २० लिटरच्या बॅगेला २० ते २५ ग्रॅम शेतीचा चुना लागवडीच्या पंधरा दिवस आधी मिसळा. शेणखत त्याच दिवशी घालू नका, नत्र उडून जातं.

आता काकडी. इथे निवड जास्त रंगतदार आहे, आणि इथेच चुकीचं पाकीट जास्त खपतं.

पावसाळ्यासाठी पहिली पसंती शीतल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे वाण जास्त पावसाच्या प्रदेशाला मानवणारं आहे, आणि ठाण्याचा पाऊस त्यातच मोडतो. उगवल्यापासून साधारण ४५ दिवसांत फळं सुरू होतात. काकडी मध्यम हिरवी, कोवळी असताना २०० ते २५० ग्रॅमची. कोशिंबिरीला हीच काढावी. दुकानात पटकन सापडत नाही, पण जरा शोधून आणण्याजोगी आहे.

हिमांगी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. पांढरट, १२ ते १५ सेंटिमीटर लांब, नाजूक सालीची. पूना खिरा या जुन्या वाणाची काकडी तोडायला उशीर झाला की सालीवर तांबूस गंज चढतो. हिमांगीत तो चढत नाही, म्हणून रविवारीच गच्चीवर जायला सवड मिळणाऱ्यांना ही सोयीची. राहुरीचीच फुले शुभांगी हिरव्या फळाची. केवडा या पानांवरच्या बुरशीच्या रोगात शुभांगी खिऱ्यापेक्षा काटक आहे.

पूना खिरा उन्हाळ्यात लावावा. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत बी टाका. फळ आखूड, चव अव्वल. त्यात हिरवट फळांचा आणि पिवळट-तांबूस फळांचा असे दोन प्रकार असतात, म्हणून शेजाऱ्याच्या वेलावर वेगळा रंग दिसला तर बियाणं भेसळीचं आहे असं लगेच समजू नये. पावसाळ्यात मात्र हा नको. पानाच्या वर शिरांमध्ये अडकलेले पिवळे चौकोनी डाग आणि खाली राखाडी बुरशी, म्हणजे केवडा, याला लवकर धरतो.

उंच इमारतींचा प्रश्न वेगळा आहे. या तिन्ही-चारही वाणांना फळायला मधमाशी लागते. पंधराव्या मजल्यावरच्या जाळी लावलेल्या गॅलरीत ती येत नाही. वेल भरभरून फुलतो, बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळतात, आणि लोक खतावर खत घालत बसतात. दोष खताचा नसतो. मादी फुलाखाली इवलीशी काकडी असते, नर फुलाखाली नुसता देठ. सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवून फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. मादी फूल एकच दिवस उमलतं, दुसऱ्या दिवशी प्रयत्न करून उपयोग नाही. काकडी देठाकडे जाड आणि टोकाकडे निमुळती किंवा वाकडी झाली, तर परागकण कमी पोचले असं समजा. सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका.

रोज सकाळी हे जमणार नसेल तर बिनबियांची, परागीभवनाशिवाय फळणारी काकडी घ्या. बी मोजून मिळतं आणि महाग असतं, पण बंद गॅलरीसाठी तोच पैसा सत्कारणी लागतो. ही वाणं मुळात शेडनेट-पॉलिहाऊससाठी तयार केलेली, म्हणून उघड्या गच्चीवर, भर पावसात किंवा कडक उन्हात ती घेऊ नयेत. शिवाय मधमाशा आल्याच तर त्यांच्यातही बिया धरतात आणि फळ बेढब फुगतं.

कुठलंही वाण असो, काकडीचं रोप उपटून लावू नका, मुळं दुखावतात. ४० लिटरच्या बॅगेत थेट दोन सेंटिमीटर खोल चार बिया टाका, उगवल्यावर दोन धडधाकट वेल ठेवा आणि बाकीचे कात्रीने कापा. ताटी किंवा दोर सहा फुटांपर्यंत हवा. फळ लागल्यावर पाणी एकही दिवस चुकवू नका. मार्चच्या उन्हात वेल तहानला की काकडी कडू होते, आणि कडवटपणा देठाकडे आणि सालीखाली साठतो. टोक घासून फेस काढण्यापेक्षा देठाकडचा दोन बोटं भाग कापून टाकणं आणि साल जाड काढणं खरं कामाचं. पानांवर पांढरी बुरशी धरते त्या भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी वेलावर मारू नका, काकडीची पानं त्याने करपतात, विशेषतः उन्हाळ्यात.

एक चूक दुकानातच होते. काकडीवर टोच मारून अळी घालणाऱ्या फळमाशीसाठी सापळा मागितला की पुष्कळदा आंब्याचा सापळा, म्हणजे मिथाइल युजेनॉलचा, हातात ठेवतात. वेलभाज्यांच्या फळमाशीला क्यू ल्युअर नावाचं आमिष लागतं. गोळीच्या वेष्टनावर हे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एका गच्चीला एक सापळा पुरे. टोचलेली फळं कुंड्यांत कुजू देऊ नका, पिशवीत घट्ट बांधून टाका.

पाकिटाच्या मागच्या बाजूला वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती पाहा. कोबीची किमान ७० टक्के आणि काकडीची किमान ६० टक्के हवी. चाचणीला नऊ महिने उलटून गेले असतील तर पाकीट परत ठेवा. ‘किचन गार्डन’ नावाने दहा भाज्या एकत्र विकणाऱ्या संचांत पारदर्शक पुड्यांवर नुसतं ‘कोबी’, ‘काकडी’ एवढंच लिहिलेलं असतं. वाणच कळत नसेल तर हंगाम कसा जुळवायचा? असे संच घेऊ नयेत. बी रंगवलेलं असेल तर ते औषध लावलेलं आहे, मुलांच्या हाती देऊ नका. कोबीचं लहान पाकीटही गच्चीला जास्त होतं, कारण एका ग्रॅममध्ये २५० ते ३०० बिया असतात. तीन घरांनी मिळून एक घ्या.

हिमांगी-शीतलचं बी घरी धरता येतं, फक्त जवळ दुसऱ्या वाणाची काकडी फुललेली नको. गोल्डन एकरचं धरता येत नाही. फुलोऱ्यासाठी त्याला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, म्हणून त्याचं बी कुलूसारख्या डोंगराळ भागात तयार होतं. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, सोबत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ठाण्याच्या जुलैत उघडं पाकीट कपाटात राहिलं की पुढच्या सप्टेंबरला त्यातलं निम्मंही उगवत नाही.