घरचा पर्जन्यमापक: सरळ डबा की नरसाळं-बाटली?

सरळ कडांच्या डब्यात गणित लागतच नाही. तोंड लहान असो वा मोठं, साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की तोच मिलिमीटरमधला पाऊस. फक्त बूड सपाट हवं. पण २ मिमीची भुरभुर पट्टीवर धड वाचता येत नाही, आणि उघड्या तोंडातून पाणी उडून जातं ते वेगळंच.

नरसाळ्याची खरी गंमत इथेच. १० सेंमी व्यासाच्या नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पावसाला जवळपास ८ मिली पाणी. औषधाच्या मापाने मोजा, अर्धा मिलिमीटरसुद्धा सापडतो. निमुळत्या तोंडामुळे बाष्पीभवनही कमी. मात्र कोकणातल्या मुसळधार दिवशी एक लिटरची बाटली साधारण १२७ मिमीलाच भरून वाहू लागते; तिथे उंच डबा बरा.

देशावरच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मी नरसाळंच निवडेन. पाचवीच्या मुलांना मात्र आधी डबाच द्यावा, भागाकार नंतर. दोन्ही झाडापासून, पागोळ्यांपासून लांब ठेवा. नोंद सकाळी साडेआठला घ्या, हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून पाहता येते.