खरकट्यावर लाईट? गॅसचा फुगा आन जनरेटर, आठ महिने वापरून सांगतो

आमची मेस हाय संभाजीनगरात, साठ-पासष्ट पोरं जेवतात, रोजचं वीसेक किलो खरकटं निघतं. म्हणून खरकटं आत सडवून गॅस (बायोगॅस) करायचा फुगा आन त्या गॅसवर चालणारा जनरेटर घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत, विकायला आलेला पोरगा मात्र लईच बोलला. म्हणे, नारेगावच्या कचऱ्याच्या डोंगरातून जो गॅस उगंच हवेत जायलाय तोच तुमच्या फुग्यात भरंल आन मेसचं लाईटबिल झिरो!

पहिली गोष्ट खरी हाय. कचरा दाबून हवा बंद झाली की आत गॅस तयार होतो, निम्मा मिथेन, म्हणजे जळणारा, निम्मा कार्बन डायऑक्साइड, आन शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा 28 पट भारी. म्हणूनच मुंबईत गोराईचं डम्पिंग बंद करून वरून झाकलं, आत पाईप घातले, गॅस ओढून जाळला.

लाईटबिलाचं मात्र सोडा. वीस किलोचा गॅस येतो दोन घनमीटरच्या आसपास, जनरेटरवर लावला तर दोन-अडीच युनिट, म्हणजे फ्रीजपुरतंच. तेच शेगडीला दिलं तर किलोभर सिलेंडर वाचल्यासारखं, सकाळचा चहा-पोहे निघून जातात. त्यात ह्या गॅसला सडक्या अंड्याचा वास, तो गंधक इंजिन खातो, मधी लोखंडाच्या भुश्याचा फिल्टर पाहिजे आन पाईपातलं पाणी काढायला कॉक, हे दोन्ही आम्हाला तिसऱ्या महिन्यात कार्ब्युरेटर गेल्यावर कळलं. कचऱ्याच्या डोंगरावर रात्रंदिवस गॅस निघतो, सफाईची मशिनरी असते, तिथं इंजिन परवडतं. मेसमधी नाही.

आन पाणी! जेवढं खरकटं तेवढंच पाणी ओतावं लागतं, हे मराठवाड्यात कुणी आधी सांगत नाही बगा. मे मधी टँकर लावून भांडी घासायलो आन वर ह्याला बादलीभर पाणी, आई रोज बोलायची. आता तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवून टाकायलोत, साबणाचं नाही चालत, गॅस करणारे आतले जंतू मरतात. लिंबाच्या साली पण जास्त टाकू नका, आंबट झालं की गॅस बंद, मग शेण आणायला पळा. थंडीत गॅस निम्म्यावर येतो.

फुगा आन शेगडीला पाचपैकी चार, जनरेटरला एक. स्लरी, म्हणजे फुग्यातून निघणारं पातळ खत, शेजारचे काका मोसंबीला बादल्या भरभरून नेयलेत, आता त्यांच्याकडून सकाळचं दूध फुकट येतं, हे त्या पोरानं सांगितलंच नव्हतं.