सोलापुरातील भाड्याची कॅम्पर व्हॅन : नळ आणि प्लगशिवायच्या पहिल्या मुक्कामाला कितपत पुरते?

होटगी रस्त्यावरील एका व्यावसायिकाकडे चार जणांना झोपता येईल अशी कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळते. डिसेंबरमध्ये ती घेऊन आम्ही सहकुटुंब आधी भीमाकाठी माचणूरजवळ आणि नंतर त्याच मंगळवेढा तालुक्यातील एका परिचितांच्या रानात मुक्काम केला. दोन्ही ठिकाणी गाडीला बाहेरून पाणी किंवा वीज जोडण्याची सोय नव्हती. राज्य शासनाचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले असले, तरी आपल्या भागात असा मुक्काम अजून बहुतेक वेळा कोणाच्या तरी शेतातच होतो. म्हणून हे परीक्षण गाडी जोडणीविना किती तग धरते, एवढ्याच प्रश्नापुरते आहे. पडदे, गाद्या आणि लाकडी कपाटे उत्तम आहेत, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो.

पाण्याची मुख्य टाकी ९० लिटरची आहे. आकडा मोठा वाटतो, पण गाडीतला १२ व्होल्टचा छोटा पंप नळ पूर्ण उघडल्यास मिनिटाला सात ते दहा लिटर पाणी ओढतो, म्हणजे तोंड धुताना नळ चालू ठेवणाऱ्या चार माणसांनी ही टाकी एका दिवसात सहज संपते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात राहणाऱ्यांना पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही, हे खरे असले तरी घरातला हिशेब बादल्यांचा आणि पिंपांचा असतो. गाडीत तो तांब्याचा करावा लागतो. फवारा न वापरता छोट्या बादलीत पाणी घेऊन तांब्याने अंघोळ केली, तर माणशी सहा-सात लिटरमध्ये ती नीट होते. खरकटी भांडी आधी कागदाने पुसून घेतली, की ती धुवायला निम्म्याहून कमी पाणी लागते. पिण्याचे पाणी मात्र टाकीतले घेऊ नये. त्यासाठी २० लिटरचे दोन जार वेगळे न्यावेत. डिसेंबरमध्येही सोलापूरकडे दुपारी पारा तिशीजवळ असतो आणि माणशी तीन लिटर पिण्यासाठी धरणे आवश्यक आहे.

या गाडीबाबत ग्राहकाने सर्वांत आधी जो प्रश्न विचारायला हवा, तो मुख्य टाकीबद्दलचा नाहीच. सांडपाण्याची टाकी किती लिटरची आहे, हे विचारावे. ती इथे ६० लिटरची आहे. बेसिनमध्ये आणि न्हाणीत सांडलेले सगळे पाणी तिच्यात जाते, त्यामुळे वरच्या टाकीत पाणी शिल्लक असतानाच खालची भरते आणि न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटे वर येऊ लागते. ९० लिटरची जाहिरात असलेली ही गाडी व्यवहारात ६० लिटरच्या आसपासची आहे, असे समजूनच बेत आखावा. व्यावसायिकाने हा दुसरा आकडाही दरपत्रकावर छापला पाहिजे. सांडपाणी रस्त्याच्या कडेला, ओढ्यात किंवा विहिरीजवळ कदापि सोडू नये. आमच्या यजमानांनी, ज्यांना आम्ही काका म्हणतो, साबण बेताने वापरण्याच्या अटीवर ते बांधावरच्या नारळाच्या आळ्यात सोडण्याची परवानगी दिली होती. अशी परवानगी आधी मागून ठेवावी, टाकी भरल्यावर नव्हे.

टाकी पुन्हा भरण्याबाबत एक सूचना आहे. शेतातील बोअरचे पाणी आपल्याकडे अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते आणि त्यात बारीक वाळूही येते, तर पंपाच्या तोंडाची जाळी अगदी नाजूक असते. गाडीसोबत दिलेला पाइप आखूड आहे आणि तो शेतातल्या मोठ्या व्यासाच्या पाइपला बसत नाही. मोठे नरसाळे, त्यावर बांधायला पांढरे सुती फडके आणि एक स्वच्छ कॅन घरून नेल्यास काम भागते, तरी या वस्तू भाड्यातच मिळायला हव्या होत्या.

विजेच्या बाजूने गाडी पाण्यापेक्षा सरस आहे. लिथियम प्रकारची १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी आहे, म्हणजे सुमारे २,५०० वॉट-तास, त्यांपैकी २,००० निर्धास्तपणे वापरता येतात. एवढ्याच क्षमतेची जुन्या पद्धतीची शिसे-आम्लाची बॅटरी असती, तर ती टिकावी म्हणून निम्म्यावरच थांबावे लागले असते. म्हणून भाडे ठरवताना क्षमतेबरोबर बॅटरीचा प्रकारही विचारावा. खर्चाकडे पाहिले तर छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ६०० वॉट-तास घेतो, छतावरचा पंखा रात्रभर चालवला तर २५०, आणि दिवे, पाण्याचा पंप व सर्वांचे मोबाइल मिळून आणखी दीडशे. एकूण हजार झाले. छतावर २०० वॉटचे सौर पॅनेल आहे, आणि डिसेंबरच्या तिरप्या उन्हात आडवे बसवलेले असे पॅनेल निरभ्र दिवशीही सहाशे-सातशेच्या पुढे क्वचितच जाते. उरलेली तूट बॅटरीतून जाते, ती दिवसाआड तासभर गाडी चालवली की इंजिनावरच्या चार्जरमधून बरीचशी भरून निघते. हे गणित मला मनापासून आवडले, कारण त्यात जनरेटरचा आवाज आणि धूर कुठेही नाही, आणि रानातल्या रात्रीची शांतता ज्याला हवी आहे त्याच्यासाठी ही गोष्ट इतर सगळ्या सोयींपेक्षा मोलाची आहे.

हे गणित दोन गोष्टींनी बिघडते. गाडी चिंचेच्या किंवा लिंबाच्या दाट सावलीत लावली, की आत गारवा राहतो पण पॅनेल जवळजवळ बंद पडते; हिवाळ्यात गाडी उन्हात लावून माणसांनी सावलीत बसणे, हाच योग्य क्रम आहे. दुसरे म्हणजे धूळ. कच्च्या रस्त्याने रानात शिरेपर्यंत पॅनेलवर मातीचा थर बसलेला असतो, तो ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

वातानुकूलन यंत्राबाबत मात्र स्पष्ट नाराजी नोंदवणे भाग आहे. जाहिरातीत ‘पूर्ण वातानुकूलित’ असे शब्द आहेत, पण यंत्र दीड हजार वॉटच्या आसपास वीज खाते आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली तर भरलेली बॅटरीही त्याला तास-सव्वातासापेक्षा जास्त पुरणार नाही. ते बाहेरची वीज जोडल्यावरच चालवायचे आहे, ही गोष्ट ताबा देताना सांगितली जाते. ती आगाऊ रक्कम घेण्याआधी सांगितली गेली पाहिजे. ज्यांनी एप्रिल-मे महिन्यांत लहान मुलांना घेऊन जाण्याचे ठरवले असेल, त्यांच्यासाठी हा फरक जिवाशी संबंधित आहे, कारण त्या दिवसांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याची गाडी रात्री उशिरापर्यंत निवत नाही.

शौचालय कॅसेट पद्धतीचे, म्हणजे खाली मैल्याची काढता येणारी टाकी असलेले, १८ लिटरचे आहे. चार माणसांत ते दोन दिवसांत भरते, आणि ओले टिश्यू त्यात टाकले तर झडप अडकते. कॅसेट बाहेर कुठेही रिकामी करायची गरज पडत नाही. परत आल्यावर व्यावसायिकाचे कर्मचारी स्वतःच्या सेप्टिक टाकीत ती रिकामी करून धुतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. या कामाला त्यांनी दिलेले महत्त्व खरोखर प्रशंसनीय आहे, कारण ही सोय नसती तर हा मैला शेवटी एखाद्या नाल्यातच गेला असता.

गाडी कुठे उभी करावी, हे आपल्या जिल्ह्यात विशेष काळजीने ठरवावे लागते. काळ्या रानात एक सर पडली किंवा पाटाचे पाणी झिरपले, तरी पाण्याने आणि सामानाने भरलेली ही गाडी चाकापर्यंत रुतते आणि मग ट्रॅक्टर बोलावण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. मुरमाड जागा, खळ्याची चोपलेली जमीन किंवा वस्तीपुढचे अंगण निवडावे. चाकाखाली घालायला दोन जाड फळ्या गाडीत दिलेल्या आहेत. त्या वापरून गाडी समपातळीत आणली नाही, तर झोप तर बिघडतेच, शिवाय न्हाणीतले पाणी टाकीकडे न जाता कोपऱ्यात साचते. नदीच्या पात्रात वाळूवर गाडी नेण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. उजनी धरणातून भीमेत पाणी सोडले जाते आणि आकाश निरभ्र असतानाही पात्रातली पातळी वाढू शकते. माचणूरला आम्ही गाडी काठापासून दूर, उंचावर लावली ती याच कारणाने. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामाचा विचारही करू नये. तो माळ पक्ष्यांचा आणि काळविटांचा आहे. दिवसा रीतसर परवानगीने पाहावा आणि अंधार पडण्याआधी बाहेर यावे. तसेही ऊसतोडीच्या दिवसांत रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यामुळे मुक्कामाची जागा दिवसाउजेडीच गाठलेली बरी.

स्वयंपाकासाठी दोन बर्नरची शेगडी आणि पाच किलोचे सिलिंडर आहे, ते पट्ट्याने घट्ट बांधलेले असते. गाडीत धुराचा गजर आहे, पण कार्बन मोनॉक्साइडचा गजर नाही, आणि माझ्या मते या गाडीतली ही सर्वांत गंभीर उणीव आहे. या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. स्वयंपाक करताना छताची झडप आणि एक खिडकी उघडी ठेवावी, आणि थंडी कितीही वाजली तरी कोळशाची शेगडी किंवा आगटीतले निखारे गाडीत आणू नयेत. हुरड्याची आगटी गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी. खाण्याच्या बाबतीत सोलापूरकरांना काही वेगळे शोधावे लागत नाही : कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गूळ यांना ना फ्रिज लागतो, ना फारशी भांडी.

ताबा देताना कर्मचाऱ्याने प्रत्येक झडप, फ्यूज आणि पंपाचे बटण आमच्याच हातून चालवून घेतले आणि कळले की नाही ते पुन्हा विचारले. असा संयम भाड्याच्या व्यवहारात फार थोड्या ठिकाणी दिसतो. टाकीची पातळी दाखवणारे चार दिवे मात्र विश्वासार्ह नाहीत. अर्धी टाकी आणि पाव टाकी यांत ते फरक करत नाहीत. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, तशी ती इथे आहे, हेही पाहून घेतले.

पहिल्या मुक्कामासाठी शहरापासून तासाभराच्या आत असलेले ओळखीचे रान निवडावे आणि एकच रात्र धरावी, म्हणजे पाणी किंवा वीज अपेक्षेआधी संपली तरी कोणाची गैरसोय होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या गाडीला मानवतो. हुरड्याच्या दिवसांतले आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आसपासचे शनिवार-रविवार लवकर भरतात, म्हणून शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी नोंदणी करावी, आणि नोंदणी करताना कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवला आहे का, हे अवश्य विचारावे. नसल्यास बॅटरीवर चालणारा गजर स्वतः विकत घेऊन न्यावा.