अंधाराची कसोटी की झडतीच्या निकालाची?

अमेरिकेत गाड्या अडवताना पोलीस वर्णभेद करतात का, हे लोकसंख्येच्या आकड्यांवरून ठरत नाही. कोण किती आणि कुठे गाडी चालवतो, हे त्यातून कळत नाही. म्हणून या दोन कसोट्या.

अंधाराची कसोटी ग्रॉगर आणि रिजवे या संशोधकांनी 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या, गाड्या अडवल्याच्या पोलीस नोंदींवर लावली. संध्याकाळचे सात घ्या. हिवाळ्यात काळोख, उन्हाळ्यात उजेड, रस्त्यावरची माणसं साधारण तीच. उजेडात अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढलं, तर चालकाचा वर्ण दिसणं हेच कारण असण्याचा संशय बळावतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातल्या जवळपास 10 कोटी नोंदी जमवल्या. त्यांनाही अंधारानंतर हे प्रमाण घटलेलं दिसलं. रस्त्यावरचे दिवे मात्र ही कसोटी बोथट करतात, आणि झडतीबद्दल ती काहीच सांगत नाही.

झडतीसाठी दुसरी: किती झडत्यांत खरंच काही सापडलं? कृष्णवर्णीयांकडे कमी वेळा सापडत असेल, तर त्यांची झडती किरकोळ संशयावरून होते, असा अर्थ लावतात. इथे मोठा सापळा आहे. समजा, पोलीस 20 टक्क्यांहून जास्त शक्यता दिसली तरच झडती घेतात, सगळ्यांना एकच नियम. संशयित गोऱ्यांमध्ये ती शक्यता 80 टक्के असेल आणि कृष्णवर्णीयांमध्ये 40, तर भेदभाव नसूनही आकडे तो दाखवतील. उलट, कृष्णवर्णीयांची झडती कमी शक्यतेवरून होत असूनही आकडे सारखे आले, तर खरा भेदभाव झाकलाही जाईल, आणि मला त्याचीच जास्त चिंता वाटते.

अडवण्यासाठी मी अंधाराची कसोटी निवडेन. झडतीसाठी दुसरी, पण नुसत्या टक्केवारीवर नाही. प्रत्येक गटासाठी संशयाचा उंबरठा, म्हणजे झडतीसाठी लागलेली किमान शक्यता, किती होता, याचा अंदाज काढूनच.