मृत्युपत्रात नाव नसलेल्या मुलीला भेटलेल्या सॉलिसिटरबाई

पाचपैकी चार तारे. एक तारा फीमुळे गेला, ते खाली लिहिते.

बाबांनी लेस्टरचं घर आणि सगळी बचत दादाच्या नावे केली. त्यांच्या आजारपणात नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहिले ती मी. पुण्याहून काका फोनवर भारतातल्या हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीचं सांगत राहिले, मुलीला समान वाटा म्हणून. पण तो वाटा वडिलोपार्जित मिळकतीतला. बाबांचं घर स्वकष्टाचं, तेही इंग्लंडमधलं. इथे लागू होतो तो १९७५ चा वारसा कायदा. तो मला नीट समजावला या छोट्या फर्ममधल्या सॉलिसिटरबाईंनी.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "तुम्ही वडिलांचं किती केलंत, यापेक्षा आज तुमचं कसं भागतं, हे कोर्ट आधी बघेल." सज्ञान मुलांना इथे निर्वाहापुरतीच वाजवी तरतूद मागता येते, वाटणी नाही. मग त्यांनी इलॉट खटला सांगितला. सुमारे ४,८६,००० पौंडांची इस्टेट, आईने जवळजवळ सगळी प्राणी-पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिलेली. अपील कोर्टाने मुलीला घर घ्यायला १,४३,००० पौंड दिले. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द करून खालच्या कोर्टाने आधी दिलेले ५०,००० कायम केले. ऐकून माझा धीर खचला. पण निम्म्या घराचा हिशेब तिथेच डोक्यातून गेला, आणि हे इतक्या लवकर सांगितल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्याआधी भेटलेला एक वकील कॅव्हिएट, म्हणजे हरकतीची नोटीस, टाकून प्रोबेटच, म्हणजे मृत्युपत्रावरची कोर्टाची मंजुरीच, अडवू म्हणत होता. बाईंनी ते ठामपणे नाकारलं. मृत्युपत्र खरं की खोटं असा वाद असेल तर कॅव्हिएट. बाबा शुद्धीत होते, सही त्यांचीच होती. माझं म्हणणं एवढंच की त्यात माझ्यासाठी काही ठेवलं नाही. खोटेपणाचा आरोप केला असता तर दादाने माझं तोंडही पाहिलं नसतं.

दावा प्रोबेट निघाल्यापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, नंतर कोर्टाची परवानगी लागते. दादा तर फोनच उचलत नव्हता. बाईंनी प्रोबेट रजिस्ट्रीत स्टँडिंग सर्च, म्हणजे प्रोबेट निघालं की आम्हाला कळवा अशी नोंद, लावून ठेवला होता, त्यामुळे प्रोबेट निघाल्याचं आम्हाला परस्पर कळलं.

सगळ्यात जड गेला तो खर्चाचा तक्ता. भाडं, काउन्सिल टॅक्स, वीज, दाताचं लांबवलेलं काम, क्रेडिट कार्डाची थकबाकी, सगळं कागदावर मांडायचं, आणि ते दादाच्या वकिलापर्यंत जाणार. मला रडू यायचं. त्यांची असिस्टंट मुलगी शेजारी बसून एकेक स्टेटमेंट लावायची, कधी घाई केली नाही. दादाचं कर्ज आणि मुलांचा खर्चही तोलला जाणार, हेही तिनेच समजावलं.

आता तक्रार. मी "जिंकलो तर फी" असा करार केला होता. त्यातली यशस्वितेची जादा फी इस्टेटीतून वसूल होत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने हिराचंद खटल्यात २०२४ च्या डिसेंबरमध्ये दिला. म्हणजे ती माझ्याच रकमेतून जाणार. माझी सही त्या निकालानंतरची, तरी हे मला मीडिएशनच्या, म्हणजे मध्यस्थामार्फत तडजोडीच्या बैठकीच्या, तोंडावर कळलं. सहीच्या वेळीच सांगायला हवं होतं. तुम्ही जाल तेव्हा हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मीडिएशनला दादा एका खोलीत, मी दुसऱ्या, निरोप नेणारी मध्यस्थ मधे. संध्याकाळपर्यंत तडजोड झाली. कर्ज फिटेल आणि नोकरी लागेपर्यंत भाडं निघेल एवढी रक्कम. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

आई किंवा वडील इंग्लंड-वेल्समध्ये कायमचे स्थायिक असतील तरच हा मार्ग आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे. आणि सहा महिने फार भरभर जातात, दुखवट्यात असलात तरी आधी फोन करा.