‘एलए’ची निळी कॅप, २५० रुपये : शिवण पक्की, इतिहास उसवलेला

नाशिकच्या शालिमारजवळच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानातून घेतली. गडद निळी, समोर पांढऱ्या धाग्यात ‘एलए’, डाव्या कानावर बारीक अक्षरांत ‘१९५५ वर्ल्ड चॅम्पियन्स’. ‘एलए’ म्हणजे लॉस एंजेलिस, तिथल्या डॉजर्स या बेसबॉल टीमची ही खूण. मी शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, त्यामुळे कॅप माझ्यासाठी मिरवायची नाही, उन्हात उभं राहायची वस्तू आहे.

त्या हिशेबाने माल चांगला. सहा कळ्यांची शिवण सरळ आहे, हवेची भोकं नीट काजं करून घेतलेली, आतली घामपट्टी जाड. व्हायझरमध्ये पुठ्ठा नाही, प्लॅस्टिक आहे, म्हणजे धुतल्यावर आकार जात नाही. मागे टिचबटणांचा पट्टा, त्यातून पोनी आरामात बाहेर निघते. पहिल्या धुण्यात रंग सोडते, पांढऱ्या कपड्यांत टाकू नका.

तक्रार आहे ती आकड्याची. १९५५ साली डॉजर्स लॉस एंजेलिसचे नव्हतेच. ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे होते आणि त्यांच्या कॅपवर पांढरा ‘बी’ असायचा. लॉस एंजेलिसमध्ये ते खेळायला लागले १९५८ मध्ये, तिथलं पहिलं विजेतेपद १९५९ चं. ‘एलए’ ठेवायचं तर १९५९ लिहा, १९५५ ठेवायचं तर ‘बी’ लावा. दुकानदाराला म्हटलं तर तो म्हणाला, “मॅडम, आकडा कोण वाचतंय? एलए बघतात आन् घेतात.” खरंय त्याचं. कॉलेज रोडवर संध्याकाळी ‘एनवाय’च्या टोप्या घालून फिरणाऱ्या पोरांना तरी न्यूयॉर्कची यांकीज टीम कोण हे कुठे माहीत असतं!

पण आकडा साधा नाही हो. याच यांकीजनी ब्रुकलिनला १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सात मॅचपर्यंत चालणाऱ्या अंतिम लढतीत, हरवलं होतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे तिथल्या प्रेक्षकांचं पालुपदच झालं होतं. १९५५ ला पुन्हा समोर यांकीज, पुन्हा सातवी, निर्णायक मॅच, तीही यांकीजच्याच मैदानावर. तारीख ४ ऑक्टोबर. ब्रुकलिन २-० ने पुढे, सहावी इनिंग, यांकीजचे दोन धावक बेसवर, एकही आउट नाही. योगी बेरा डावखुरा बॅटर, त्यामुळे फील्डर उजवीकडे सरकलेले. त्याने नेमका बॉल उचलला लेफ्ट फील्डच्या कोपऱ्यात, रेषेला लागून. ब्रुकलिनचा सँडी अमोरोस याच इनिंगला लेफ्ट फील्डमध्ये आलेला. तो धावत सुटला आणि अगदी शेवटच्या क्षणी हात लांबवून त्याने कॅच घेतला. तो डावखुरा, म्हणजे ग्लव्ह उजव्या हातात. उजव्या हाताच्या खेळाडूला तो बॉल ग्लव्ह आडवा फिरवून घ्यावा लागला असता आणि बहुतेक सुटलाच असता. लगेच थ्रो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) पी वी रीसकडे, तिथून फर्स्ट बेसला हॉजेसकडे. कॅचनंतर धावकाला आपल्या बेसवर परतावं लागतं; पहिल्यावरून दुसऱ्या बेसपलीकडे गेलेला धावक परतेपर्यंत डबल प्ले, एकाच बॉलवर दोघं आउट. पिचर जॉनी पॉड्रेसने यांकीजना एकही रन दिला नाही, मॅच २-० वरच संपली. ब्रुकलिनने जिंकलेली ही एकमेव वर्ल्ड सिरीज. मी मुलींना हा कॅच दाखवते तो डावखुऱ्या पोरींची समजूत काढायला. घरी त्यांना ‘हात बदल’ असं कोणी ना कोणी म्हणत असतंच.

आणि दोनच वर्षांत टीम गेली. मालक वॉल्टर ओमॅलीला ब्रुकलिनमध्येच नवं स्टेडियम बांधायचं होतं, पण हवी ती जागा मिळेना. एबेट्स फील्ड या त्यांच्या घरच्या मैदानावरची शेवटची मॅच २४ सप्टेंबर १९५७ ची. १९६० मध्ये मैदान पाडलं, आता तिथे इमारती आहेत.

त्याच मैदानावर १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन फर्स्ट बेसला उभा राहिला. त्याआधी साठेक वर्षं मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घेत नव्हते. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पाळत मात्र सगळे होते. आमच्या मुलींना हे वेगळं समजावावं लागत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह कशासाठी सुरू झाला, ते त्यांना ठाऊक आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत घसा बसवून दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला येतात, तेव्हा मी सांगते की आज तिकडे सगळेच खेळाडू ४२ नंबर घालतात. रॉबिन्सनचा नंबर. एरवी तो कोणत्याच टीममध्ये कुणाला देत नाहीत, १९९७ पासून.

तर अशा टीमची कॅप आहे, नीट छापा की राव!

टीमसाठी एकगठ्ठा घेतल्या तर दुकानदार हवं ते अक्षर भरून देतो, नगामागे ४० रुपये जास्त. मी पांढरा ‘बी’ सांगितला. “शाळेचं नाव बी वरून आहे का?” म्हणाला. नाही म्हटलं तर माझ्याकडे जरा बघत राहिला, पण भरतकाम सुरेख करून दिलं. फक्त सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका, मॅचच्या बऱ्याच आधी ऑर्डर द्या.

पाचपैकी साडेतीन. साइज एकच आहे. शेवटच्या टिचबटणावरही पाचवी-सहावीच्या पोरींना सैल होते, बेस गाठेपर्यंत कॅप मागेच पडलेली असते. मोठ्या वर्गांसाठीच घ्या.